गोड, फळांच्या वासाचा परफ्युम पारखायचा कसा: कोकणच्या दमट हवेसाठी सविस्तर पद्धत

मुंबईतल्या मॉलमध्ये, एसीच्या गारव्यात, कागदाच्या पट्टीवर वास घेतला, आवडला, बाटली घेतली. तोच परफ्युम मे महिन्यात कणकवलीच्या मांडवात लावला आणि अक्षता पडायच्या आत डोकं धरलं. ही तक्रार इतक्या जणींकडून ऐकू येते की एकदा नीट क्रमाने सगळं लिहून काढलेलं बरं.

इथे बोलतोय ते बायकांसाठीच्या गोड आणि फळांच्या वासाच्या डिझायनर परफ्युमबद्दल. नीना रिचीचा ‘नीना’ (२००६), लँकोमचा ‘ला व्ही ए बेल’ (२०१२), डीकेएनवायचा ‘बी डिलिशस’ (२००४) हे त्या मोठ्या गोतावळ्यातले. वर सफरचंद, पेअर, पीच, बेरी यांपैकी काहीतरी, मध्ये फुलं, खाली व्हॅनिला, कॅरामल, मस्क (कस्तुरीच्या धाटणीचा वास) किंवा लाकडी वास, अशी यांची साधारण बांधणी. दुकानात आपल्याला भुलवतो तो वरचा थर. अंगावर दिवसभर राहतो तो खालचा. पैसे खालच्या थराचे द्यायचे असतात, आणि पुढचे सगळे टप्पे त्या थरापर्यंत धीराने पोचण्यासाठी आहेत.

टप्पा १: कुठे लावणार ते आधी ठरवा

“कुठेही, कधीही चालेल असा दाखवा” म्हणत दुकानात शिरलेली बाई बहुतेक वेळा दुकानदाराच्या आवडीचा परफ्युम घेऊन बाहेर पडते. म्हणून घरीच एका ओळीत लिहा: रोज बँकेत, एसीत. किंवा शाळेत, पंख्याखाली. किंवा फक्त एप्रिल-मेच्या लग्नांना. किंवा गणपतीत, घर भरलेलं असताना.

प्रत्येकाचं गणित वेगळं आहे. एसीत वास हळू उडतो, अंगाजवळ राहतो. तिथे थोडा जड गोडवा खपून जातो. मांडवात उकाडा, घाम आणि शेजारणीच्या डोक्यातला मोगरा यांच्याशी त्याला जमवून घ्यावं लागतं. गणपतीत धूप, कापूर, निरांजनाचं तूप आणि ओल्या छत्र्या एकाच खोलीत असतात, त्यात व्हॅनिला घुसली की कोंदट वाटतं. हलकं, आंबटसर फळ मात्र छान मोकळं राहतं. गजरा माळणार असाल तर तेही लिहा. सुरंगीच्या दिवसांत वळेसर डोक्यात असेल, तर माझ्या मते परफ्युमची गरजच नाही, पण लावायचाच असेल तर कॅरामलवाला नको.

तपासा: वापर एका ओळीत लिहिता येत नसेल तर सॅम्पल मागवायची घाई करू नका.

टप्पा २: नावाची शेपटी वाचा

एकाच नावाच्या चार-पाच बाटल्या बाजारात असतात. नाव तेच, बाटलीचा आकार तोच, फक्त रंग जरा वेगळा आणि पुढे ईडीटी (ओ द त्वालेत, हलका), ईडीपी (ओ द पर्फ्यूम, दाट), ‘इंटेन्स’, ‘लो’ (फ्रेंचमध्ये पाणी) असं काहीतरी. ईडीटीत सुगंधी अर्काचं प्रमाण साधारण ५ ते १५ टक्के आणि ईडीपीत १५ ते २० टक्के धरतात. हे आकडे कायद्याने बांधलेले नाहीत, प्रत्येक कंपनी आपल्या सोयीने ठरवते. शिवाय ईडीपी म्हणजे तोच परफ्युम थोडा दाट, ही समजूतही बरेचदा फसवते. अनेकदा मिश्रणच वेगळं असतं: ईडीटीत लिंबू-सफरचंद पुढे, तर ईडीपीत व्हॅनिला पुढे.

मैत्रिणीच्या अंगावर आवडला म्हणून घेताना तिच्या बाटलीच्या बुडाचा आणि खोक्याचा फोटो मागा. “तो गुलाबी बाटलीतला” एवढ्या वर्णनावर ऑर्डर टाकू नका.

टप्पा ३: सॅम्पल मिळवा, आणि पुरेसं मिळवा

डिझायनर ब्रँडचे टेस्टर मांडलेले काउंटर बहुतेक करून मोठ्या शहरांत. रत्नागिरी, कुडाळ, सावंतवाडीकडच्या माणसाला मुंबई-पुण्याची फेरी किंवा ऑनलाइन सॅम्पल, हे दोनच मार्ग सोयीचे. कंपनीने स्वतः भरून कार्डावर लावलेली छोटी कुपी सर्वांत उत्तम. ती नसेल तर मोठ्या बाटलीतून काढून विकतात ती डिकँट चालते, पण विकणारा भरवशाचा हवा.

किती घ्यावं? एका फवाऱ्यात साधारण ०.१ मिली जातो, म्हणजे २ मिलीत वीसेक फवारे. पारखायला तेवढे पुरतात. १ मिलीत दोन-तीन दिवस नीट काढता येत नाहीत. आणि स्प्रेवाली कुपी मागा. बुचाला काडी असलेल्या कुपीतून थेंब लावला की वास कमी पसरतो, आणि गोड परफ्युम आहे त्याहून सभ्य वाटतो.

सावध: एप्रिल-मेमध्ये कुरिअरने आलेली कुपी गरम झालेली असते. आल्या आल्या उघडू नका. एक दिवस घरात गार जागी ठेवा. बुचाभोवती चिकट ओल दिसली तर आतलं काही उडून गेलंय असं समजा आणि त्या कुपीवरून टिकाऊपणा ठरवू नका.

टप्पा ४: नाक, हात आणि घर तयार करा

याच टप्प्यावर कोकणात सगळ्यात जास्त चुका होतात.

सकाळची वेळ निवडा, न्याहारीनंतर आणि मासळी साफ करायच्या आधी. सकाळी नऊ-साडेनऊला आलेल्या ताज्या बांगड्यांचं दुपारी तिखलं झालं की घरभर तिरफळाचा वास असतो आणि बोटांवर माशाचा. बोटांचा वास जावा म्हणून आपण लिंबाची फोड चोळतो, आणि मग हाताला लिंबू लागलेलं असताना परफ्युमचा वास घेऊन “वर छान सायट्रस आहे” असं म्हणतो. ते सायट्रस बाटलीतलं नसतं.

हाताची आतली बाजू, मनगट ते कोपर, नुसत्या पाण्याने दोनदा धुवा. वासाचा साबण नको, टाल्कम पावडर नको, बाम नको. डोक्याला खोबरेल लावलेलं असेल तर केस वर बांधा आणि त्या हाताने केसांना हात लावू नका. खोबरेलाचा वास पीच आणि व्हॅनिलात असा काही मिसळतो की दोन्ही आहेत त्याहून दुधाळ वाटतात. कपडे साधे, धुतलेले, उन्हात वाळवलेले. कपाटातून थेट काढलेली साडी नेसून पारखायला बसू नका. पावसाळ्यासाठी टाकलेल्या डांबराच्या गोळ्यांचा वास तिच्या घडीत कित्येक दिवस राहतो.

सर्दी, तोंडात विडा, नुकतीच घेतलेली तपकीर, नुकतीच पेटवलेली अगरबत्ती: यांतलं काहीही असेल तर तो दिवस सोडून द्या.

तपासा: हात धुतल्यावर कोरड्या कातडीला नाक लावा. साबणाचा, तेलाचा किंवा कशाचाही ओळखू येणारा वास येत असेल तर पुन्हा धुवा.

सावध: कातडी नाजूक असेल तर आदल्या दिवशी कोपराच्या खोबणीत एकच थेंब लावून एक दिवस थांबा. खाज, लाली आली तर पुढचे टप्पे कपड्यावरच करा. नुकतंच वॅक्स केलेल्या किंवा उन्हाने भाजलेल्या हातावर फवारा नको.

टप्पा ५: आधी पट्टीवर, पण निकालासाठी नाही

साधा पांढरा, वास नसलेला, जाडसर कागद बोटभर रुंद कापा. वीतभर अंतरावरून एक फवारा. दोन मिनिटं थांबा, मग नाकापासून दोन बोटं लांब धरून वास घ्या. पट्टी नाकाला चिकटवली तर ओल नाकाला लागते आणि तासभर दुसरं काही कळत नाही.

पट्टी दोनच गोष्टींसाठी: नकोसे परफ्युम लगेच गाळायला, आणि वरचं फळ कुठलं ते नीट ओळखायला. कागदाला ऊब नाही, घाम नाही, तेल नाही. व्हॅनिलाचा वास देणारं व्हॅनिलिन आणि कॅरामलचा वास देणारं एथिल माल्टॉल कागदावर दिवसेंदिवस टिकतात, त्यामुळे “तिसऱ्या दिवशीही वास आहे!” हे कागदाचं कौतुक झालं. हातावर काय होईल ते त्यातून कळत नाही.

फळ ओळखताना इंग्रजी नावांनी बिचकू नका. यातली निम्मी फळं आपण कधी खाल्लेली नसतात, आणि बाटलीतही ती नसतातच. लिंबू-संत्र्याच्या सालीतून तेल निघतं, पण पीच, पेअर, सफरचंद, रासबेरी यांचा वास रसायनांतूनच बांधावा लागतो. आपल्या ओळखीच्या वासांवर ते असे बसवता येतात:

पीच: पिकलेल्या हापूसच्या देठाजवळची साल आणि नारळाचा दाट रस एकत्र. याला कारण आहे. पीचचा वास देणारी लॅक्टोन नावाची द्रव्यं हापूसच्या वासातही असतात.

ब्लॅककरंट: पिकून खाली पडलेल्या काजूच्या बोंडूचा तुरट, उग्र वास, आणि मागे किंचित मांजराच्या मुताचा. हसू नका, ब्लॅककरंटच्या कळ्यांच्या अर्कात तो खरोखर असतो आणि चांगला परफ्युमर तो पुसून न टाकता मापात ठेवतो.

लिची: जांब खाताना येतो तो गुलाबपाण्याचा वास, जरा आंबट.

पेअर: इथे सावध राहा. पेअर आणि केळ्याचा वास देणारी एस्टर नेलपॉलिशमधल्या द्रावकांची जवळची नातलग आहेत. हलक्या प्रतीच्या परफ्युममध्ये पेअर म्हणून नेलपॉलिशच पुढे येतं.

रासबेरी: बाजारातल्या लाल जॅमची नुकती उघडलेली बाटली.

टप्पा ६: हातावर, घड्याळ लावून

एका हातावर एकच परफ्युम. मनगटाच्या वर चार बोटं जागा सोडून, वीतभर अंतरावरून एक फवारा. दुसऱ्या मनगटावर घासू नका. घासल्याने ऊब वाढते आणि वरचा थर घाईने उडतो. दुसऱ्या हातावर दुसरा परफ्युम लावायला हरकत नाही, पण तीन म्हणजे गोंधळ.

वही घ्या. वेळा आधी लिहून ठेवा आणि त्या वेळांनाच वास घ्या. सारखं हुंगत बसलात तर नाक त्या वासाला सरावतं आणि अर्ध्या तासात “उडून गेला” असं वाटतं. तो तिथेच असतो, नाकानेच दखल घेणं सोडलेलं असतं.

*पहिली दोन मिनिटं:* वास घेऊ नका. अल्कोहोल उडू द्या.

*पाच ते पंधरा मिनिटं:* फळ. हे सगळ्यात चटकदार असतं आणि सगळ्यात आधी जातं, कारण हे रेणू हलके असतात. वहीत एवढंच लिहा: ताजं, पिकलेलं की शिजवलेलं? ताज्या फळात थोडा आंबटपणा, थोडा हिरवेपणा असतो. शिजवलेलं फळ म्हणजे मुरंबा, जॅम. मुरंबा वाईट नाही, पण इथल्या उकाड्यात तो आणखी आटतो.

*अर्ध्या तासापासून दोन तासांपर्यंत:* फळ मागे सरतं, फुलं येतात. बहुधा गुलाब, जाई, पिओनी, ऑरेंज ब्लॉसम. फळ आणि फूल यांचा सांधा इथे तपासायचा. चांगल्या परफ्युममध्ये फळ कधी गेलं ते कळत नाही. वाईटात मध्येच एक पोकळी येते: फळ संपलंय, फूल अजून आलेलं नाही आणि तेवढा वेळ हाताला शाम्पूचा किंवा कपडे धुण्याच्या पावडरीचा वास येतो. ही पोकळी दिसली तर माझ्या वहीत त्या परफ्युमवर काट मारली जाते, बाटली कितीही सुंदर असो.

*चार-पाच तास:* खरी परीक्षा. दुपार झालेली असते. हातावर घाम येऊन सुकलेला असतो, कातडीवर मिठाची बारीक पांढरट रेघ असते. नाक जवळ न्या. आधी मीठ जाणवेल, मग जे काही खाली उरलंय ते. मऊ व्हॅनिला, स्वच्छ धुतलेल्या कपड्यासारखा मस्क, थोडा लाकडी कोरडेपणा असेल तर ठीक. जळकी साखर, नव्या रेक्झिनचा वास किंवा नुसता चिकट गोडवा असेल तर नको. पाच तासांनी अजिबात काहीच उरलं नसेल तर ईडीटी असल्याची खात्री करा. उकाड्यात ईडीटी लवकर जाणं हा दोष नाही. अशा हवेत मला तर तो गुणच वाटतो.

*रात्री झोपताना:* हात न धुता एकदा वास घ्या आणि एकच प्रश्न विचारा. हा वास अंथरुणात आपल्याबरोबर चालेल का? गोड परफ्युमच्या बाबतीत हा प्रश्न फार निर्दय आहे, आणि फार उपयोगी.

मधल्या वेळात नाक ताजं करायला दुकानात कॉफीच्या बिया ठेवतात. त्यांचा काही खास उपयोग नाही. पडवीत जाऊन मोकळी हवा घ्या किंवा स्वतःच्या दुसऱ्या, काही न लावलेल्या हाताच्या कोपराचा वास घ्या.

तपासा: वहीत “छान”, “मस्त”, “क्लासी” असे शब्द जास्त असतील तर काहीच नोंदलेलं नाही. “दोन वाजता: बोंडू गेलं, साखर उरली” असं हवं.

टप्पा ७: गोडव्याची जात ओळखा

“जरा गोड आहे” यावरून काही ठरत नाही. गोडवे निरनिराळे असतात आणि दमट हवेत निरनिराळे वागतात.

साखरेचा गोडवा: आंगणेवाडीच्या जत्रेतल्या साखरेच्या कापसासारखा. हे एथिल माल्टॉल. थिएरी म्युग्लरच्या १९९२ च्या ‘एंजेल’ या परफ्युमपासून बायकांच्या परफ्युममध्ये त्याचा सढळ वापर सुरू झाला. टिकतं खूप, पसरतं खूप, आणि मे महिन्यात सर्वांत आधी डोक्यात जातं.

व्हॅनिलाचा गोडवा: मऊ, पिठाळ. एसीत सुंदर. पावसाळी ओलीत जड.

लॅक्टोनचा दुधाळ गोडवा: खोबरं, पीच, साय. नारळाच्या प्रदेशातल्या नाकाला हा परका वाटत नाही आणि तो घामाशी भांडत नाही, असा माझा अनुभव आहे. पहिल्यांदा घेणाऱ्या बाईने इथूनच सुरुवात करावी.

फळाचा आंबटगोड: सर्वांत हलका, सर्वांत कमी टिकणारा.

मग या गोडव्याला आवर घालणारं काय आहे ते शोधा. गोडवा एकटा ठेवला तर तो पाकासारखा आटत जातो. त्याच्यासमोर काहीतरी कडू, कोरडं किंवा आंबट हवं. ‘एंजेल’मध्ये आणि ‘ला व्ही ए बेल’मध्ये हे काम पॅचुली करते, म्हणजे वेणीत मरव्याबरोबर माळतात त्या पाचेच्या जातीची वनस्पती. ‘ला व्ही ए बेल’मध्ये शिवाय आयरिस आहे, तो कोरडा, पावडरी. ‘नीना’त वर लिंबाचा आंबटपणा आहे. तुमच्या सॅम्पलमध्ये असं काही हाताला लागतं का? दोन तासांनंतर डोळे मिटून वास घ्या आणि गोड सोडून दुसरं एक विशेषण सुचतं का बघा: मातकट, तुरट, कडवट, हिरवं, वाळ्यासारखं, काहीही. एकही सुचत नसेल तर तो परफ्युम आपल्या हवेत फार काळ साथ देणार नाही.

टप्पा ८: उन्हात न्या, मग माणसांत न्या

आतापर्यंतचं सगळं घरात झालं. आता दुसऱ्या दिवशी पूर्ण मापात लावा: दोन फवारे, एक मानेच्या मागे, एक छातीवर कपड्याच्या आत. आणि बाहेर पडा. दुपारी बाजारात जा, एसटीत बसा, जेटीवर चक्कर मारा. उष्णतेने परफ्युम लवकर उडतो, म्हणजे थोड्या वेळात जास्त वास हवेत येतो, आणि दमट हवेत नाकालाही वास जास्त जाणवतो. दोन्ही मिळून गोडवा दुप्पट झाल्यासारखा वाटतो. समुद्रावरचं वारं असेल तर बरोबर उलट, वास मागे उडून जातो आणि लावणारीला काहीच कळत नाही.

हिवाळ्यात पारखत असाल तर ही कसोटी पूर्ण होत नाही. तेव्हा दुपारी दोन ते चारमध्ये, पंखा बंद करून, एक तास घरात वावरा. मे महिन्याची थोडी तरी कल्पना येईल.

आता दुसरं नाक. स्वतःचा परफ्युम किती पसरतो ते स्वतःला कळणं कठीण, शिवाय काही माणसांना काही विशिष्ट मस्कचा वासच येत नाही. त्यांच्या हिशेबी परफ्युम दोन तासांत संपतो आणि ते पुन्हा फवारतात, इकडे शेजारचा माणूस खिडकी शोधत असतो. म्हणून तासाभराने कोणाला तरी हातभर अंतरावर उभं करा आणि वास येतो का विचारा. मग खोलीच्या दारात उभं करून विचारा. रोजच्या वापराच्या परफ्युमला पहिल्या प्रश्नाचं उत्तर “हो” आणि दुसऱ्याचं “नाही” यायला हवं.

विचारताना “परफ्युम कसा आहे?” असं विचारू नका, सगळे चांगलाच म्हणतात. काही न सांगता जवळ जाऊन बसा. आमच्या शेजारच्या काकींनी एकदा एका महागड्या कॅरामलवाल्या सॅम्पलचा निकाल असाच लावला होता: “काय गो, आज शिरो केलंस काय?” एवढं नेमकं मत दुकानात मिळत नाही.

सावध: दोनऐवजी चार फवारे मारून “आता बघू” करू नका. गोड परफ्युम वाढवता येतो, अंगावरून कमी करता येत नाही.

टप्पा ९: कपडा, मोती, केस

परफ्युम कपड्यावर जास्त टिकतो, म्हणून अनेक जणी साडीवरच फवारतात. आधी एका जुन्या पांढऱ्या सुती फडक्यावर फवारून वाळू द्या. व्हॅनिलावाले परफ्युम बरेचदा पिवळसर किंवा रंगीत असतात आणि डाग ठेवतात. रेशमावर, पैठणीच्या पदरावर थेट फवारा नकोच, पोलक्याच्या आतल्या अस्तरावर चालेल. नथ, मोत्यांची कुडी, तन्मणी परफ्युम वाळल्यावरच घाला. अल्कोहोलने मोत्यांची झळाळी जाते. तेल लावलेल्या केसांवर परफ्युम मारू नका, खोबरं आणि कॅरामल मिळून जे होतं ते कुणालाच नको असतं.

फडक्याचा दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा वास घ्या. कपाटात इतर कपड्यांना लागणार आहे तो हाच वास.

टप्पा १०: बाटली घेताना

सर्व टप्पे पार झाले तरी ३० मिलीची बाटली घ्या. मोठी बाटली मिलीमागे स्वस्त पडते हे खरं, पण रोज दोन फवाऱ्यांनी ३० मिली पाच महिन्यांपर्यंत जाते, आणि आपल्या हवेत अर्धी भरलेली जुनी बाटली सांभाळणं सोपं नाही.

आयात मालाच्या खोक्यावर आयातदाराचं नाव, पत्ता आणि एमआरपी छापलेलं किंवा चिकटवलेलं असलं पाहिजे. खोक्याच्या बुडाचा बॅच कोड आणि बाटलीच्या बुडाचा कोड एकच हवा. खोक्यावरचं प्लास्टिक घट्ट, शिवण सरळ. फवारा बारीक धुक्यासारखा यावा, पिचकारीसारखा नाही. दुबईहून कोणी आणून दिलेल्या बाटलीवर भारतातल्या आयातदाराचं लेबल नसणारच, तिथे पावती मागा.

आणि सर्वांत पक्की खूण: सॅम्पलचे शेवटचे काही फवारे राखून ठेवा. नवी बाटली आली की एका हातावर सॅम्पल, दुसऱ्यावर बाटली, आणि पुन्हा वही. बनावट माल पहिली दहा मिनिटं हुबेहूब असू शकतो. चार तासांनी तो उघडा पडतो, कारण नकलाकार खर्च करतात तो वरच्या फळावर.

सावध: ही तुलना परत करण्याची मुदत संपायच्या आत करा.

टप्पा ११: ठेवायची जागा

न्हाणीघरात नको, खिडकीत नको, गाडीत तर मुळीच नको. माजघरातल्या किंवा मधल्या खोलीतल्या कपाटात, मूळ खोक्यात, डांबराच्या गोळ्यांपासून दूर. पावसाळ्यात खोक्याला बुरशी लागते. सिलिकाची पुडी आत टाका आणि महिन्यातून एकदा खोकं पुसून घ्या. समुद्राजवळ घर असेल तर फवाऱ्याच्या धातूच्या गळ्यावर काळे डाग पडतात, ते कोरड्या फडक्याने पुसले की झालं.

व्हॅनिलावाला परफ्युम वर्षभरात गडद होतो. हे बिघडणं नव्हे, व्हॅनिलिनचा तो स्वभावच आहे. बरेच दिवस न वापरलेल्या बाटलीचा पहिला फवारा विचित्र वाटला तर तो नळीत अडकलेला भाग असतो. दोन फवारे हवेत सोडा आणि मग हातावर घ्या. त्यानंतरही फळाच्या जागी व्हिनेगर किंवा नेलपॉलिशचा वास येत असेल तर वरचा थर गेला. तेव्हा टप्पा ६ पुन्हा करा. अर्ध्या तासानंतरचा भाग शाबूत असेल तर बाटली फेकायची गरज नाही: घराबाहेर पडायच्या अर्धा तास आधी लावा आणि खराब भाग घरातच उडून जाऊ द्या.